धुराचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

हवामान बदलाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा पुढच्या काळाबद्दल बोलतो. २०५० साली काय होईल, २१०० साली समुद्र कुठवर येईल, वगैरे. आज आपण उलट्या दिशेनं जाणार आहोत. कारण गेली तीस-पस्तीस वर्षं आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये जे भांडण चाललंय, ते मुळात इतिहासाचं भांडण आहे. धूर कोणी केला, कधीपासून केला, आणि तो कोणाच्या खात्यावर मांडायचा?

मराठीत 'जबाबदार' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. अपघाताला जबाबदार कोण, असं विचारतो तेव्हा आपण दोषी शोधत असतो. आणि म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी कोणावर, असं विचारतो तेव्हा दोषाचा प्रश्नच नसतो. कोण करणार एवढंच विचारायचं असतं. हवामानाच्या वाटाघाटींत हे दोन्ही अर्थ सतत एकमेकांत मिसळतात. श्रीमंत देशांना दुसऱ्या अर्थानं बोलायला आवडतं, गरीब देशांना पहिल्या. हा फरक डोक्यात ठेवला की पुढची बरीचशी गुंतागुंत सुटते.

एक शास्त्रीय गोष्ट आधी सांगून टाकू, कारण सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. कार्बन डायऑक्साइड पावसाबरोबर धुऊन जात नाही. चुलीचा धूर चार दिवसांत विरतो, पण हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही हिस्सा शेकडो वर्षं, काही तर हजारो वर्षं वर राहतो. म्हणजे १८५० साली मँचेस्टरमध्ये जळलेल्या कोळशाचा अंश आजही आपल्या डोक्यावर आहे. औद्योगिक काळाच्या आधी हवेतलं याचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होतं. आज ते ४२० च्या पुढे गेलंय. तेव्हा 'यंदा कोणी किती धूर केला' हा प्रश्न पुरेसा नाही. एकूण साठ्यात कोणाचं किती, हे बघावं लागतं. उधारीच्या वहीसारखंच हे. वाणी फक्त या महिन्याचं बिल बघत नाही, मागची बाकीही बघतो.

आता सुरुवात कुठून करायची? पाठ्यपुस्तकात जेम्स वॅटपासून करतात. त्यानं १७६९ साली पेटंट घेतलं, हे खरं. पण वाफेचं कामाचं इंजिन त्याच्या अर्धशतक आधीचं आहे. थॉमस न्यूकोमेननं १७१२ साली डडलीजवळ एका कोळशाच्या खाणीवर ते बसवलं. त्याचं काम काय, तर खाणीत भरलेलं पाणी उपसणं. म्हणजे कोळसा जाळून पाणी उपसायचं, पाणी उपसून आणखी खोल जायचं, आणि आणखी कोळसा काढायचा. ते इंजिन कोळसा इतका खायचं की खाणीच्या तोंडाशी सोडून दुसरीकडे ते परवडलंच नसतं. वॅटनं त्याची भूक कमी केली, आणि मग ते खाणीपासून दूर, गिरण्यांपर्यंत जाऊ शकलं. इंजिन काटकसरी झालं म्हणून कोळसा कमी लागला असं झालं नाही. उलट इतक्या ठिकाणी इंजिनं बसली की खप कैकपटीनं वाढला.

इथं थोडं थांबू, कारण 'ब्रिटनकडे कोळसा होता म्हणून ब्रिटन कोळशावर गेलं' असं आपण सहज म्हणून जातो. अँड्रेयास माल्म या स्वीडिश अभ्यासकानं या समजुतीला चांगलाच धक्का दिलाय. त्याचं म्हणणं असं की १८२०-३० च्या दशकांत ब्रिटनमधल्या कापड गिरण्यांना पाण्याच्या चाकाची ताकद उपलब्ध होती आणि ती वाफेपेक्षा स्वस्तही होती. मग मालक वाफेकडे का वळले? कारण नदी जिथं आहे तिथं गिरणी न्यावी लागते, तिथं वस्ती वसवावी लागते, आणि मजूर सोडून गेले तर दुसरे मिळत नाहीत. कोळसा मात्र शहरात आणता येतो, आणि शहरात मजुरांचा तोटा नसतो. माल्मचे सगळे निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाहीत, आणि आम्हालाही तो कधीकधी एकाच कारणावर फार भार टाकतो असं वाटतं. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. 'ब्रिटननं धूर केला' या वाक्यात ब्रिटन म्हणजे कोण? गिरणीचा मालक आणि बारा-चौदा तास राबणारी पोरं, हे दोघंही त्याच देशाचे. राष्ट्राच्या खात्यावर रक्कम टाकली की हा भेद पुसला जातो. हा मुद्दा पुढे भारताबद्दल बोलताना परत येईल.

काही असो, १८५० च्या सुमारास जगभर खनिज इंधनांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून जास्त एकट्या ब्रिटनचा होता. मग जर्मनी, अमेरिका पुढे आले.

आणि मुंबई? मुंबई या गोष्टीत फार लवकर येते. १८३० च्या मार्चमध्ये 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. ही बोट मुंबईच्याच गोदीत, वाडिया मंडळींच्या हाताखाली बांधलेली. हिचा सगळा इतिहास कोळशाच्या अडचणीचा आहे. मुंबई ते एडन हे अंतर तिच्या कोठारात मावणाऱ्या कोळशात कापता येईना, म्हणून माणसांच्या जागेतही कोळसा भरला. वाटेत कोळसा घेण्यात कितीतरी दिवस मोडले. तरी महिनाभरात ती सुएझला पोचली, आणि लंडनची टपाल आफ्रिकेला वळसा न घालता येऊ शकते हे सिद्ध झालं. आता मधे कोळसा साठवायला हक्काची जागा हवी. १८३९ च्या जानेवारीत कंपनी सरकारनं एडन ताब्यात घेतलं, आणि पुढं जवळजवळ शंभर वर्षं एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. कोळशाच्या वखारीसाठी बंदर जिंकायचं, ही त्या काळाची रीत. तेलासाठीची युद्धं आपण विसाव्या शतकातली मानतो, पण त्यांची तालीम आधीच झाली होती.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. राणीगंजचा कोळसा बंगालात, मुंबईपासून फार लांब. त्यामुळं सुरुवातीच्या काळात मुंबईच्या गिरण्यांचा बराचसा कोळसा चक्क विलायतेहून जहाजानं यायचा. धुराचा त्रास इतका वाढला की १९१२ साली मुंबईत धुराविरुद्ध कायदा करावा लागला.

आता हिशेबाचा प्रश्न बघा. १९४७ पूर्वी भारतात जळलेला कोळसा कोणाच्या खात्यावर? प्रचलित पद्धतीत तो भारताच्या खात्यावर जातो, कारण आजच्या सीमांच्या आत तो जळला. पण रेल्वे कुठून कुठं न्यायची, जंगल कुठलं तोडायचं, हे ठरवणारं सरकार लंडनला उत्तरदायी होतं. रुळांखालचे लाकडी स्लीपर इथल्या जंगलांतून गेले. त्या जंगलतोडीचा कार्बनही हवेतच गेला. २०२३ साली 'कार्बन ब्रीफ' या ब्रिटिश संस्थेनं हा हिशेब उलटा मांडून पाहिला. वसाहतीतला धूर राज्यकर्त्या देशाच्या नावावर टाकला, तर ब्रिटनचा ऐतिहासिक वाटा जवळपास दुप्पट होतो आणि भारताचा सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. नेदरलँड्सचा तर इंडोनेशियामुळं जवळजवळ तिप्पट होतो. आकडे तेच. खातं बदललं की चित्र बदलतं.

यावर श्रीमंत देशांचं नेहमीचं उत्तर असतं, की आम्हाला ठाऊकच नव्हतं. आमच्या पणजोबांनी कोळसा जाळला तेव्हा त्यानं पृथ्वी तापते हे कोणाला माहीत होतं? यात तथ्य आहे, पण किती ते तपासू. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ते उन्हात ठेवले, आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते हे दाखवलं. तो निबंध विज्ञान परिषदेत वाचला गेला, पण त्यांनी स्वतः नाही, एका पुरुष शास्त्रज्ञानं वाचला, आणि पुढं जवळजवळ दीडशे वर्षं लोक बाईंना विसरून गेले. तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी उष्णता शोषणाचे काटेकोर प्रयोग केले. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियसनं हातानं गणित करून सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पाच-सहा अंशांनी तापमान वाढेल. गंमत म्हणजे त्याला ही चांगली बातमी वाटत होती. थंड देशातला माणूस, थोडं गरम झालं तर बरंच की! १९३८ साली गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्यानं तापमानाच्या नोंदी जमवून तापमानवाढ सुरू झालीय असं म्हटलं, तेव्हा त्यालाही ते फायद्याचंच वाटलं.

तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या गिरणीमालकाला दोष देणं कठीण आहे, हे मान्य करू. पण १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावर मौना लोआ इथं रोजची मोजणी सुरू केली. १९६५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीनं अहवालात हा धोका लिहून दिला. १९७७ साली एक्सॉन कंपनीच्या शास्त्रज्ञानं स्वतःच्या वरिष्ठांना तेच सांगितलं. १९८८ मध्ये जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढं जाहीर साक्ष दिली, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयपीसीसी स्थापन झाली. यानंतर 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहिली नाही. आणि खनिज इंधनांतून आजवर निघालेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याच्या आसपास १९९० नंतरचा आहे. म्हणजे अज्ञानाची सबब मान्य केली तरी ती फार तर अर्ध्या बाकीला लागू पडते.

आता आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. १९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेनं हरितगृह वायूंच्या जबाबदारीची एक क्रमवारी छापली. त्यात पहिल्या पाचात अमेरिका आणि सोव्हिएत संघाबरोबर ब्राझील, चीन आणि भारत होते. दिल्लीत सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटमध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी तो अहवाल हातात घेतला आणि गणित उलगडून पाहिलं. १९९१ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. आमच्या मते हवामानाच्या राजकारणावर भारतातून लिहिलं गेलेलं सर्वांत परिणामकारक लेखन तेच.

त्यांनी दोन गोष्टी पकडल्या. पहिली अशी. समुद्र आणि जंगलं कार्बन शोषून घेतात, म्हणजे निसर्ग सगळ्यांनाच थोडी माफी देतो. ही माफी कोणाला किती द्यायची? अमेरिकन संस्थेनं ती ज्याच्या-त्याच्या धुराच्या प्रमाणात वाटली होती. जो जास्त धूर करतो त्याला जास्त माफी! अगरवाल आणि नारायण यांनी विचारलं, समुद्र काय अमेरिकेच्या मालकीचा आहे? माणशी वाटा. जगाच्या लोकसंख्येत ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढी त्याला माफी. असं केल्याबरोबर भारत आणि चीन आरोपींच्या पिंजऱ्यातून बाहेर आले. त्यांचा धूर त्यांच्या वाट्याच्या आत होता.

दुसरी गोष्ट भाताची. भारताचा आकडा फुगला होता तो मिथेनमुळं, आणि मिथेन म्हणजे भातशेती आणि गुरं. कोकणात किंवा मावळात भातखाचर बघितलंय त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. पाणी साचून राहिलं की खालच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथले सूक्ष्मजीव पालापाचोळा कुजवतात आणि मिथेन सोडतात. पण पुस्तिकेचा सवाल होता, की अमेरिकेतल्या तिसऱ्या मोटारीचा धूर आणि बंगालातल्या शेतकऱ्याच्या भाताचा वायू एकाच तागडीत तोलायचा का? एक चैनीचा, दुसरा जगण्याचा.

इथवर हा नीतीचा वाद. पण पुढं जे झालं ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं भारतातल्या भातशेतीचा मिथेन वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख टन धरला होता. हा अंदाज युरोप-अमेरिकेतल्या थोड्या शेतांवरच्या मोजणीवरून ताणलेला. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे ए. पी. मित्रा यांनी १९९१ मध्ये देशभरातल्या प्रयोगशाळांना एकत्र आणून प्रत्यक्ष शेतांवर मोजणी केली. शेतावर पेटी उपडी घालायची, ठरावीक वेळानं आतली हवा काढायची, आणि तपासायची. आकडा आला सुमारे ४० लाख टन! जवळजवळ नऊ पटींचा फरक. कारण उघड होतं. आपल्याकडची बरीच भातशेती पावसाच्या भरवशावरची, मधूनमधून सुकणारी. जमिनीत सेंद्रिय द्रव्य कमी. परदेशातल्या भरल्या पाण्याच्या शेताचा आकडा इथं लागू पडत नव्हता. मोजायला आपली माणसं नसती, तर तो ३ कोटी ७८ लाखांचा आकडा आपल्या नावावर किती वर्षं राहिला असता कोण जाणे.

या वादाची सावली १९९२ च्या रिओ परिषदेवर पडली. तिथं झालेल्या हवामान करारात 'समान पण विभेदित जबाबदाऱ्या' हे तत्त्व आलं. सरकारी मराठीत कानाला खडबडीत लागतं, पण अर्थ साधा: घर सगळ्यांचं, तरी कमावत्यानं आधी आणि जास्त द्यायचं. त्याला बीज होतं १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत. तिथं इंदिरा गांधी यांनी गरिबी आणि पर्यावरण यांचे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत हे ठणकावून सांगितलं होतं.

१९९७ ला क्योटो. श्रीमंत देशांनी १९९० च्या तुलनेत सरासरी ५.२ टक्के कपात करायची, बाकीच्यांना बंधन नाही. पण त्याच्या पाच महिने आधीच अमेरिकन सिनेटनं ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता, की विकसनशील देशांना बंधन नसेल तर असा करार आम्हाला नको. अमेरिकेनं क्योटो कधीच मंजूर केला नाही. ब्राझीलनं त्याच वर्षी सुचवलं होतं की प्रत्येक देशानं आजवर तापमान किती अंश वाढवलं त्यावरून कपात ठरवावी. ती सूचना अभ्यासाला पाठवली गेली, आणि सरकारी भाषेत अभ्यासाला पाठवणं म्हणजे काय ते आपल्याला माहीतच आहे.

पॅरिस, १२ डिसेंबर २०१५. शेवटच्या दिवशी अमेरिकन शिष्टमंडळाच्या लक्षात आलं की मसुद्यात श्रीमंत देशांनी कपातीत पुढाकार 'घेतलाच पाहिजे' अशा अर्थाचं क्रियापद आहे. तसं राहिलं तर करार सिनेटपुढं न्यावा लागेल, आणि तिथं तो पडेल. तासाभराची धावपळ झाली, आणि 'छपाईची चूक' म्हणून ते 'घ्यावा' असं करण्यात आलं. त्याच पॅरिसमध्ये आणखी एक ओळ घातली गेली: नुकसानीबद्दलचं कलम हे दायित्व किंवा भरपाईचा आधार ठरणार नाही. मघाशी आपण 'जबाबदारी'चे दोन अर्थ पाहिले, त्यातला पहिला अर्थ इथं कायदेशीर शब्दांत बाहेर ठेवला गेला.

आता आपल्याकडे वळू. आजवरच्या खनिज इंधनांच्या साठ्यात अमेरिकेचा वाटा साधारण २४ टक्के, चीनचा १५ च्या आसपास, भारताचा साडेतीन टक्क्यांच्या घरात. माणशी बघितलं तर भारतीय माणूस वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकन १४ टन. या आकड्यांवर भारताची बाजू भक्कम आहे. पण 'माणशी' म्हणजे सरासरी, आणि सरासरीत खूप काही लपतं. २००७ साली ग्रीनपीस इंडियानं अहवाल काढला, त्याचं नावच 'गरिबांच्या आडून' अशा अर्थाचं होतं. म्हणजे जगापुढं आपण बिहारच्या शेतमजुराचे आकडे दाखवतो आणि त्या आडोशाला दक्षिण मुंबईतली वातानुकूलित घरं ठेवतो. चैनीचा आणि जगण्याचा धूर हा भेद अमेरिकेला लावायचा असेल, तर तो मलबार हिललाही लावावा लागेल. २०२१ मध्ये ग्लासगोला कोळसा 'बंद करणे' याऐवजी 'कमी करत नेणे' हा शब्द भारताच्या आग्रहानं आला. त्याचं समर्थन करता येतं. झारखंडच्या खाणमजुराला पर्याय काय, हा प्रश्न खराच आहे. पण तो शब्द नेमका कोणासाठी मागितला, हे आपण आपल्या सरकारांना विचारत नाही.

आणि स्वच्छ विजेचाही इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांचा धूर कमी करणारी वीज १९१५ पासून खोपोलीहून यायला लागली, टाटांच्या जलविद्युत प्रकल्पातून. पुढं एक धरण मुळशीला झालं. तिथल्या मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालंच, आणि त्या पाण्याची वीज आजही मुंबईला जाते. धूर कमी झाला हे खरं, पण त्याची किंमत धूर करणाऱ्यांनी मोजली नाही.

शेवटी अगदी अलीकडचं. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या वानुआतू या बेटांवर कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवलं, की हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. सगळे हसले असतील. पण वानुआतू सरकारनं तो उचलला, २०२३ च्या मार्चमध्ये आमसभेनं ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयानं एकमतानं मत दिलं. हवामान राखणं हे फक्त करारापुरतं नाही, तर सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यानंही राष्ट्रांचं कर्तव्य आहे, आणि ते मोडलं तर भरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते, फक्त कृती आणि नुकसान यांचा संबंध दाखवता आला पाहिजे. म्हणजे करारातून बाहेर पडलं की सुटलो, असं नाही. पॅरिसला दाराबाहेर ठेवलेला अर्थ खिडकीतून परत आत आला. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, बंधनकारक निवाडा नाही. पण पुढच्या खटल्यांत ते उद्धृत होणार, आणि तेव्हा वकिलांना नेमक्या याच नोंदी लागतील: कोणत्या साली, कोणाच्या हुकमानं, किती कोळसा.

एडनच्या कोळशाकडून इराणच्या तेलाकडे ब्रिटिश आरमार कसं वळलं, ते पुढच्या व्याख्यानात बघू. आता प्रश्न घेऊ या.